माइकतात्यांचा हैबती

माइकतात्यांनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. इस्लामपूरच्या स्टँडसमोरच्या एका हॉटेलात त्यांच्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाला आधी चहा मिळाला, तर त्या हॉटेलाची पायरी ते अकरा वर्षं चढले नाहीत. पुढं हॉटेल बंद पडलं, मालकाच्या पोरानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलं, तरी तात्या तिथं रिचार्ज मारायला जायचे नाहीत. "भिंती त्याच हायत," म्हणायचे. लोक सापाच्या डूख धरण्याचं कौतुक सांगतात. सापानं तात्यांकडं चार दिवस शिकायला राहावं, असं माझं मत आहे.

मी हे निंदा म्हणून सांगत नाही. राग धरायलाही दम लागतो. बहुतेकांचा राग दुधाच्या उतासारखा, वर आला की बसलाच. तात्यांचा तसा नव्हता. मला हे जवळून ठाऊक आहे, कारण माझं कराडला मंडप-स्पीकरचं दुकान आहे आणि सातारा-सांगलीकडच्या जत्रांमधल्या कुस्ती मैदानांना तीस वर्षं माझेच भोंगे लागत आले. तात्या कुस्तीचे निवेदक. वर स्टेजवर माइक धरून ते उभे आणि खाली अॅम्प्लिफायरच्या पेटीशी मी, असा आमचा संसार.

ज्यांनी आमच्याकडचं मैदान पाहिलं नाही त्यांना वाटेल, निवेदक म्हणजे पैलवानांची नावं वाचून दाखवणारा माणूस. ते काम पंचही करतील. खरं काम पुढं असतं. दोन तगडे पैलवान एकमेकांच्या माना धरून दहा-दहा मिनिटं नुसते उभे राहतात, ऊन डोक्यावर असतं, माणसं उठून पान खायला निघतात. तेव्हा त्या हजारो माणसांना जागेवर धरून ठेवायचं ते फक्त बोलण्यानं. हलगीवाल्याला कधी चढव म्हणायचं, कधी गप्प बसवायचं, पडलेल्या पैलवानाची अब्रू कशी राखायची, हे सगळं त्या एका माणसाच्या जिभेवर असतं.

तात्यांचं खरं नाव पांडुरंग. नोकरी साखर कारखान्यात, गाडीतळावर. वजनाला आलेल्या उसाच्या गाड्यांचे नंबर माइकवरून पुकारायचे, एवढंच काम. पण त्यांना नुसता नंबर पुकारणं जमायचं नाही. "बारा नंबर, या. बैलं दमल्यात, जरा दमानं या." "सतरा नंबर, झोपला असशील तर तुज्या आदी तुजा ऊस म्हातारा हुईल." गाडीवाले हसायचे. त्या गाडीतळावर एके दिवशी खंडू वस्ताद आले. माइक यायच्या आधी पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून मैदानं गाजवणारा हा माणूस. त्यांनी तात्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना मैदानात आणलं.

तात्यांची एक सवय सगळ्या मैदानांना ठाऊक होती. कुणाचं बोलणं उसनं घेतलं तर त्याचं नाव घेतल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. "माती कुणाची सोयरी न्हाई, खाली येईल त्याला पोटाशी धरती," असं म्हटलं की लगेच, "हे बोलणं खंडू वस्तादांचं." एखादा गडी धाडकन पडला आणि तात्या म्हणाले, "वांगं पिकलं, देठासकट पडलं," की पाठोपाठ, "हे कराडच्या मंडईतल्या शेवंताबाईंचं." शेवंताबाई भाजी विकायच्या. कधीतरी गिऱ्हाइकाला त्या तसं बोलल्या होत्या, आणि तात्या पिशवी धरून मागं उभे होते.

रहिमतपूरच्या बाजूला एकदा मैदान होतं. शेवटची जोड नुसती एकमेकांभोवती फिरत होती. तात्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाले, "तवा तापलाय, पीठ मळलंय, मग भाकरी काय पाव्हणं गेल्यावर थापायची?" सगळं मैदान हसलं. हसू ओसरायच्या आत तात्यांनी सांगून टाकलं, "हे आमच्या मंडळींचं. परवा मलाच म्हणाल्या." घरी इंदूकाकींनी त्यांची जी हजेरी घेतली ती मी उंबऱ्यात उभा राहून ऐकली. "आवं, दहा गावची माणसं बसल्याली. माजं नाव हलगीवर वाजवायचं काय अडलं व्हतं?"

"मग चोरू काय तुजं?" तात्या म्हणाले.

या बाबतीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उसनं आणावं, पण फुडल्या दारात हाक मारून. मागल्या परड्यातनं उचललं की ती चोरी." स्वतःचं म्हणावं असं एकही बोलणं आपल्याकडं नाही, हे ते खुशाल कबूल करायचे. सगळं ह्याचं, त्याचं, हिचं. फक्त हाक मारून आणलेलं.

एकदा मात्र त्यांच्याकडूनच चुकलं. लहान चणीचा एक पैलवान मागं मागं सरत होता आणि लोक ओरडायला लागले, तेव्हा तात्या म्हणाले, "एडका मागं सरला म्हंजे भ्याला असं न्हाई." आणि त्याच क्षणी त्या पोरानं पुढं झेप घेऊन समोरच्याला उचलला. गोंधळात नाव घ्यायचं राहिलं. बोलणं होतं आटपाडीकडच्या एका धनगर म्हाताऱ्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दुकानात हजर. "इलास, चल." मला ओढून एसटीनं आटपाडी, तिथून जीप, तिथून पायी. म्हातारा एका उघड्या माळावर मेंढरं घेऊन बसला होता. तात्यांनी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. म्हाताऱ्याला बराच वेळ कळेचना की हे पाव्हणे कशासाठी आलेत.

"बोलणं म्हंजे काय मेंढरू हाय व्हय," तो शेवटी म्हणाला, "कानाला खूण करून ठेवायला?"

"खूण असती," तात्या म्हणाले. "दिसत न्हाई एवढंच."

म्हातारा खूप हसला, आम्हाला चहा पाजला, वर चार नव्या म्हणी फुकट दिल्या. येताना एसटीत तात्या माझ्यावरच उखडले. एवढा मोठ्या मनाचा माणूस त्यांना आवडला नव्हता. "असल्यांच्यामुळंच चोर माजत्यात," ते कराड येईपर्यंत म्हणत होते.

मग अभिजित आला.

तिशीतला गडी, कोरलेली दाढी, गालाला चिकटलेला कानातला माइक, पोस्टरवर 'निवेदनसम्राट'. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण गुरू म्हणून त्याच्याकडं मोबाइल होता. मैदानांची चित्रीकरणं लोक टाकतात, त्यात तात्यांची शेकड्यानं. ती यानं घरात बसून पाठ केली. तात्यांच्या दारात कधी आला नाही. मला "ए स्पीकर, ट्रेबल वाढव" म्हणून हाक मारायचा. मी त्याच्या बापाच्या वयाचा. तेव्हापासून त्याच्याबद्दल माझंही मत काही निर्मळ राहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याचं पहिलं मोठं मैदान कराडजवळ झालं. भोंगे माझे. तात्या सहज म्हणून माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अभिजितनं मातीचं बोलणं म्हटलं, वांग्याचं म्हटलं, एडक्याचं म्हटलं. एकाचंही नाव नाही. मग जोड रेंगाळली आणि अभिजित म्हणाला, "तवा तापलाय, पीठ मळलंय..." तात्या खुर्चीतून उठले.

"माजं घेतलं असतं तर येक येळ चाललं असतं," मला म्हणाले. "बायकूचं चोरलं की रं ह्यानं."

मैदान संपल्यावर ते त्याच्याकडं गेले. चांगल्या शब्दांत बोलले. म्हणाले, घ्या, हवं तेवढं घ्या, पण ज्याचं त्याचं नाव घ्या. अभिजितनं त्यांच्या पायाला हात लावला आणि हसत म्हणाला, "तात्या, वाक्याला कधी मालक असतो का? नावं घेत बसलं की फ्लो तुटतो. आणि राग मानू नका, पण तुम्ही तरी तुमचं स्वतःचं काय केलंय? सगळं दुसऱ्याचंच की."

आजूबाजूची पोरं हसली. तात्या परत येऊन टेम्पोत बसले. मला वाटलं, वाक्याच्या चोरीनं दुखावलेत. तसं नव्हतं. त्यानं जे म्हटलं ते खरं होतं, आणि ते दहा टवाळ पोरांसमोर म्हटलं होतं. हे दुखणं वेगळं होतं.

त्याच हंगामात सोनओढ्यानं तात्यांना सोडलं. सोनओढे म्हणजे वाळवे तालुक्यातलं कुस्तीचं मोठं गाव. तिथलं मैदान तात्यांनी बावीस वर्षं केलं होतं. मोठी कुस्ती लावायच्या आधी निवेदकानं त्या गावाचं गुणगान करायची रीत आहे: गावचं दैवत, ओढा, जुने नामांकित पैलवान, फौजेत गेलेली पोरं. तात्या त्यासाठी आठवडाभर आधी गावात जाऊन पारावर, न्हाव्याच्या दुकानात, म्हाताऱ्यांच्या खाटेशी बसायचे. सोनओढ्याच्या मागच्या चार पिढ्यांचे पैलवान सोनओढेकरांपेक्षा त्यांना जास्त पाठ होते. त्या वर्षी कमिटीनं निरोपसुद्धा दिला नाही. पोस्टरच छापलं, 'निवेदनसम्राट' वगैरे. तात्यांनी ते इस्लामपूरच्या भिंतीवर वाचलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. वायरींच्या भेंडोळ्यावर बसले आणि म्हणाले, "गावाचं गुणगान ते बेणं माज्याच रेकॉर्डिंगवरनं घेणार. गावात जाऊन कुणाला इचारायचं कष्ट त्याला व्हणार न्हाईत. तवा त्याला आपुन खायला घालू."

"काय?"

"सोनओढ्याचा येक पैलवान. कवाच न जन्मलेला."

बेत असा होता. सोनओढेकर भलते कडक. पूर्वी एका निवेदकानं त्यांच्या जुन्या पैलवानाला चुकून दुसऱ्या भावकीत घातलं, तर म्हाताऱ्यांनी त्याच्या हातातला माइक काढून घेऊन त्याला वेशीपर्यंत पोचवला होता. इथं तर अख्खा पैलवानच खोटा. तात्या दुसऱ्या एका मैदानात तो पैलवान सोनओढ्याच्या नावावर सांगणार, ते चित्रीकरण मोबाइलवर जाणार, अभिजित ते पाठ करणार आणि सोनओढ्यातच म्हणून दाखवणार. पुढचं काम म्हातारे करतील.

आठ दिवस तात्या दुकानात येत होते आणि आठ दिवस तो पैलवान घडत होता. नाव हैबती. आडनाव द्यायचं नाही, कारण आडनाव असलं की अभिजित फोन करून खात्री करून घेईल. हैबतीच्या घरी एकच म्हैस. ती एका डोळ्यानं आंधळी ठेवावी की लंगडी, यावर तात्यांनी अर्धा दिवस घालवला. मी म्हटलं, "तात्या, खोट्या म्हशीला काय फरक पडतो?" तर माझ्यावर खेकसले. "पडतो तर! लंगडी म्हस लांब चरायला जात न्हाई. मग हैबतीला वैरणीचं भारं घिऊन रोज ओढा वलांडायला लागतो. तवाच त्याच्या मांड्या झाल्या."

आणि गोष्ट अशी. हैबतीसमोर परगावचा एक मल्ल आला. हात धरल्यावर हैबतीला तो मऊ लागला. त्यानं पकड सैल करून कानात विचारलं, जेवलायस का? मल्ल म्हणाला, कालपासून न्हाई. हैबतीनं कुस्ती थांबवली, आखाड्याच्या कडेला बसवून त्याला दूध-भाकरी घातली आणि म्हणाला, "आदी जेव गड्या, मग पड." तासाभरानं पुन्हा हात मिळवले आणि तिसऱ्या मिनिटाला त्याला आस्मान दाखवलं.

ही गोष्ट तात्यांनी मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी हातातला वायरी डाखायचा सोल्डर खाली ठेवला. वाटलं होतं, सूड शिजतोय. पण समोरचा माणूस हरखला होता. सत्तरी गाठलेल्या माणसाच्या तोंडावर ते तेज मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

पुढं सगळं बेताप्रमाणं झालं. कोरेगावच्या बाजूच्या एका लहान मैदानात तात्यांनी हैबती सांगितला. त्या दिवशी त्यांनी नाव कुणाचंच घेतलं नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. महिन्यानं सोनओढ्याचं मैदान भरलं. तात्या डोक्यावर टॉवेल घेऊन माझ्या पेटीमागं बसले. मोठ्या कुस्तीआधी अभिजितनं गुणगान सुरू केलं आणि दैवत, ओढा करत करत तो हैबतीवर आला. म्हशीच्या लंगडेपणासकट सगळं म्हटलं. "आधी जेव गड्या, मग पड!"

मैदान एकदम गप्प झालं. पुढच्या रांगेतून बाळूनाना उठले. गावातले सगळ्यात जाणते आणि सगळ्यात तोंडाळ. तात्यांनी माझा दंड धरला. "उठला. आता बघ."

बाळूनाना स्टेजवर चढले, त्यांनी माइक मागून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "पोरा," ते म्हणाले, "आमच्या हैबतीचं नाव आज किती वर्सांनी कुणी घेतलं! माजा आज्जा सांगायचा त्याच्या गोष्टी." मग दुसरा म्हातारा उठला, त्याच्याही आज्ज्यानं सांगितलेलं निघालं. टाळ्यांनी माझे भोंगे ऐकू येईनात. अभिजितला स्टेजवर फेटा बांधला.

तात्यांना सगळं ठाऊक होतं, एवढं एक सोडून. आमच्याकडचं कुठलंही गाव एक वेळ आपल्या भागातल्या आमदाराला ओळख दाखवणार नाही, पण आपलाच एखादा जुना पैलवान आपल्याला ठाऊक नाही, हे चारचौघांत कबूल करणार नाही. बाळूनानांना गप्प बसायचं होतं की बोलायचं, हे ठरवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हैबती जन्माला आला.

मग त्याला कुणी थांबवू शकलं नाही. आडनाव नव्हतं, त्यामुळं सोनओढ्यातल्या तिन्ही भावक्यांनी त्याच्यावर हक्क सांगितला आणि त्यातल्या दोन भावक्यांचं त्यावरून वाजलं. तालमीतल्या पोरांच्या टी-शर्टवर 'आधी जेव, मग पड' आलं. जत्रेत परगावच्या पैलवानांना दूध-भाकरी घालायची प्रथा सुरू झाली. आणि सगळीकडं म्हणायचे, अभिजितनं हैबतीला शोधून काढला.

"पोर तुमचं आन् बारसं त्यांच्या दारात," इंदूकाकी म्हणाल्या. तात्या त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

ते मनातून पेटले होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं काही हातून झालं होतं आणि ते माझं आहे, असं कुठं म्हणायची सोय नव्हती. म्हणावं तर गावाची खोटी ओळख सांगितली म्हणून लोक जोडे घेऊन उठणार, आणि न म्हणावं तर अभिजित फेटे बांधून घेणार. तरी मी सोनओढ्याकडं जाऊन आलो की ते हळूच विचारायचेच, "हैबतीचं आता काय म्हणत्यात?" एकदा मी सांगितलं की उपाशी मल्लानं सात भाकरी खाल्ल्या, असं आता लोक सांगतात. तात्या उसळले. "सात? सात भाकरी खाऊन कोण उभा ऱ्हाईल मातीत? दोन खाल्ल्या हुत्या त्यानं. दोन! अक्कल नसल्यावर दुसऱ्याच्या गोष्टीला हात कशाला लावावा?"

तीन वर्षं गेली. सोनओढ्यानं वेशीवर 'पैलवान हैबती प्रवेशद्वार' बांधलं. उद्घाटन मैदानाच्या दिवशी. निवेदन अभिजितचं. आणि ज्येष्ठ निवेदक म्हणून तात्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, असं पत्रिकेत छापलं. मला वाटलं, तात्या पत्रिका फाडतील. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. "जायचं," म्हणाले. काय करणार, ते मलाही सांगितलं नाही.

सत्कार झाला, तात्यांना फेटाही बांधला. रीतीप्रमाणं दोन शब्द बोला म्हणून अभिजितनं त्यांच्या हातात माइक दिला. तात्यांनी तो नेहमीसारखा तोंडापासून वीतभर लांब धरला.

"हैबतीच्या समद्या गोष्टी तुमास्नी ठाव्या हायत," ते म्हणाले. "एक राहिली. हैबती पैलवान एकदा पडला हुता. कराडच्या मैदानात. चितपट. डाव दुसऱ्याकडनं शिकला आन् इचारल्यावर म्हणाला, माजाच हाय. मातीला ते सोसलं न्हाई."

आधी कुणाला कळलंच नाही. मग तालमीतली टी-शर्टवाली पोरं उभी राहिली. बाळूनाना उठले. "पांडू, तोंड सांभाळ! आमचा हैबती कवाच पडला न्हाई. कुणी सांगितलं तुला हे?"

"आदी तुमी सांगा नाना, तुमास्नी हैबती कुणी सांगितला?"

"माज्या आज्ज्यानं!"

"ह्या पोरानं माइकात सांगितला, त्याच्या आदल्या दिशी तुमाला हैबती ठावा हुता? देवळाकडं हात करून सांगा."

बाळूनानांचा हात वर गेला नाही. त्यांनी अभिजितकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"आता ह्याला इचारा," तात्या म्हणाले. "ह्याला कुणी सांगितला?"

अभिजितनं गालावरचा माइक काढला. पोरं स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. तो घाईनं म्हणाला, "तात्यांच्याकडनं घेतलं मी. तात्यांच्या व्हिडिओतनं. माझा काय संबंध न्हाई."

"माइकात म्हण."

"तात्या..."

"माइकात म्हण."

तात्यांनी स्वतःच्या हातातला माइक त्याच्या तोंडाशी धरला. कमिटीतल्या कुणीतरी मला आवाज बंद करायची खूण केली. मी नॉब दुसऱ्या बाजूला, शेवटापर्यंत फिरवला. आयुष्यात मी कुणाची एवढी मनापासून सेवा केली नाही.

"हैबतीची गोष्ट तात्यांची हाय," अभिजित म्हणाला. आवाज चिरकत होता. "भाकरीचं बोलणं, मातीचं बोलणं, समदं तात्यांचंच हाय."

तात्यांनी माइक परत घेतला. "भाकरीचं आमच्या मंडळींचं. मातीचं खंडू वस्तादांचं," ते म्हणाले. "हैबती तेवढा माजा. म्याच केला, म्याच पाडला."

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. शाल कुठं गेली, नारळ कुठं गेला, कळलं नाही. अभिजित कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पसार झाला, आणि त्या भागातल्या मैदानात तो पुन्हा माझ्या दृष्टीला पडला नाही. तात्यांना दोन जाणत्या माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून गर्दीतून बाहेर काढलं, म्हणून नुसत्या धक्क्यांवर निभावलं. सोनओढ्यातली कमान अजून उभी आहे. गावात विचारलंत तर सांगतात, म्हाताऱ्याच्या पोटात दुखत होतं म्हणून त्यानं हैबतीला नावं ठेवली. हैबती कधी पडला नाही. तात्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, त्यांच्या तेराव्यालाही सोनओढ्याहून कुणी फिरकलं नाही.

त्या दिवशी मैदानाबाहेर मी टेम्पोत भोंगे भरत होतो तेव्हा तात्या चालत आले. सदऱ्याची बाही खांद्यापाशी फाटली होती, पायात एकच चप्पल होती. फेटा सुटून गळ्यात पडला होता. मला वाटलं, पाणी मागतील. ते टेम्पोच्या फळीला टेकून जरा दम घेत राहिले.

"इलास, पार मागंपतूर आवाज गेला का?"

"कशाचा, तात्या?"

"त्यानं नाव घेतलं त्याचा."

"ओढ्याच्या पलीकडं गेला."

त्यांनी मान हलवली, गळ्यातला फेटा काढून त्यानं तोंड पुसलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.